टाकीमागची जेवणाची सुट्टी

अण्णा, तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले, आणि गेल्या आठवड्यात तुमच्या शोकसभेत टेबलावर बाटल्या मांडल्या होत्या. अर्ध्या लिटरच्या, प्लॅस्टिकच्या, प्रत्येक खुर्चीसमोर एक. स्टोअरमधून कुणीतरी जुना खोका शोधून काढला होता, कारण पाणी द्यायला तुम्ही नव्हता आणि मग पाणी कोण देणार हा प्रश्न कुणाला आधी सुचलाच नव्हता. आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो, मॅनेजरसाहेब बोलले, मी बोलले. सगळे गेल्यावर पाहिलं तर प्रत्येक बाटलीत निम्मं पाणी तसंच. तुम्ही असता तर चिडला असता. मी चिडले नाही. मला हल्ली चिडायचाही कंटाळा येतो. बाटल्या गोळा केल्या, खिडकीतल्या कुंड्यांत रिकाम्या केल्या आणि तिथंच खुर्चीवर बसून राहिले.

मी काय बोलले तेही सांगते. "शरणप्पा हे केवळ पँट्रीतले कर्मचारी नव्हते, ते आपल्या ऑफिसच्या पाण्याचे राखणदार होते." असली वाक्यं मला पटापट सुचतात, ॲडमिनमध्ये इतकी वर्षं उगाच नाही काढली. दोघातिघांचे डोळे भरून आले. माझे आले नाहीत, कारण आपण काय गाळून बोलतोय ते मला ठाऊक होतं. खरं सांगायचं ते निराळंच होतं, आणि ते मी दोन वर्षं तुमच्यासमोर बोलले नाही. आता तुम्ही ऐकणार नाही, तेव्हा बोलायला सोपं आहे. भित्र्या माणसाचं हे असंच.

बिदरला लागून असलेल्या कोळारच्या कारखान्यांच्या गर्दीतलं आपलं औषध कंपनीचं ऑफिस. बाहेरून काचेचं, हैदराबादचं वाटावं असं, आणि आतून पक्कं बिदरचं. मी तिथं कागद, खुर्च्या, पंखे आणि सगळ्यांची कुरकुर सांभाळत होते, तुम्ही चहा आणि पाणी. पाणी देण्याआधी तुम्ही विचारायचात. जगात कुणी पाणी देताना विचारत नाही, तुम्ही विचारायचात. "अर्धा का पूर्ण?" कानडी माणसाला "अर्धा बेका, पूर्ती बेका?" आणि अकाउंट्समधल्या खानसाहेबांना "आधा होना के पूरा?" अर्धा म्हटलं की नेमका अर्धा पेला, आणि संपला की पुन्हा यायचा तुमचा त्रास, पण टाकून दिलेला एक घोट तुम्हाला चालायचा नाही. पोरांनी तुमचं नाव अर्धाअण्णा पाडलं. मी रागावणार होते, तर तुम्हीच म्हणालात, "पाडू द्या अक्का. पूर्ण अण्णा हितं हाय तरी कोण?"

वयानं तुम्ही माझ्या काकांच्या बरोबरीचे, तरी मला अक्का म्हणायचात. पहिल्याच दिवशी आडनाव आणि गाव विचारलंत. बसवकल्याण म्हटल्यावर तुमचा चेहरा उजळला. "मी कोहिनूरचा. म्हणजे आपल्याच तालुक्याचे की तुमी!" तेव्हापासून मी तुमच्या हक्काची. आणि हक्काचं माणूस म्हटलं की भांडण आलंच.

त्या काळात बाटल्यांचं राज्य होतं. मिटिंग झाली की टेबलावर पंधरा-वीस अर्धवट बाटल्या, एकाच्या दोन घोटांनंतर दुसऱ्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा. एक दिवस तुम्ही त्या सगळ्या पोत्यात भरून माझ्या टेबलापाशी आणून ठेवल्यात. मी हिशेबाच्या कागदांत डोकं घातलं होतं. "अक्का, ह्येला काय म्हणावं? पाणी म्हणावं का उष्टं म्हणावं?" मी म्हटलं, अण्णा, मला काम आहे. "मलाबी काम हाय. आमच्या गावात उन्हाळ्यात बायका बोअरपाशी घागरी लावून अर्धा अर्धा दिवस बसायलेत, अन् मी हितं बेसिनात पाणी वतायलोय. ह्ये काम मला जमना गेलंय."

त्या "जमना गेलंय"मुळे मी वर पत्र लिहिलं. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, ते पाहुण्यांच्या मानापमानाबद्दल होतं. तिसऱ्या पत्रात मी 'शाश्वत' हा शब्द तीनदा घातला आणि आठवड्यात मंजुरी आली. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "मग पयल्याच पत्रात घालायचा की त्यो शब्द! कामून वर्स घालवलात?" खरंच कामून घालवलं, अण्णा. आपल्याला शब्द उशिरा सुचतात.

मग बोअरच्या पाण्यावर आरओची मशीन बसली, पॅसेजमध्ये तीन नळ आले, स्टीलचे पेले आले, पाहुण्यांसाठी काचेचा जग आला. टाकी दर तीन महिन्यांनी धुवायची, पाण्याचा नमुना दर महिन्याला तपासायला पाठवायचा. मी तपासणीचे कागद फलकावर लावायची. लोक ते कागद बघून न बघितल्यासारखं करायचे आणि तुमच्याकडे बघायचे. कारण रोज सकाळी पहिला पेला तुम्ही स्वतः प्यायचात, सगळ्यांसमोर, पॅसेजमध्ये उभं राहून. "रिपोर्ट कागदाचा हाय, मी जित्ता हाय. माझ्याकडं बगा अन् प्या." लोक प्याले. घरून बाटली आणणारेही प्यायला लागले. मी फुशारले. माझ्या नोकरीतलं हे एकच काम होतं ज्याबद्दल घरी सांगावंसं वाटायचं.

आणि चारच दिवसांत तुम्ही मशीनच्या मागची बारीक नळी शोधलीत. तिच्यातून पाणी अखंड गटारात जात होतं. तुम्ही खाली घागर लावून सबंध सकाळ मोजत बसलात आणि मग आलात. "अक्का, ही मशीन एक घागर पाजायलीय अन् दोन घागरी सांडायलीय. ह्येच्यापरीस बाटली काय वाईट व्हती?" माझ्या वर्मी लागलं. मी म्हणाले, सगळ्याच मशीनी असं करतात. "सगळी करत्यात म्हून आपण करावं व्हय?" त्यानंतर आठवडाभर आपण कामापुरतं बोललो. चहा मात्र वेळेवर यायचा, त्यात साखर कमी असायची.

तुम्ही त्या नळीखाली निळा ड्रम लावलात. त्या पाण्यानं फरशी पुसली, संडासात बादल्या भरून ठेवल्या, तिथवर झकास होतं. मग तुम्ही ते गेटजवळच्या लिंबाला घालायला लागलात. मी सांगत होते की त्यात सगळे क्षार उतरलेले असतात, नका घालू. "पाणी त्ये पाणी. झाडाला काय कळतंय?" दोन महिन्यांत लिंबाची पानं काठानं करपली, मग गळली, मग नुसत्या काट्या उरल्या. तुम्ही सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिलात, हातातला ट्रे तसाच. "अक्का, झाडाला कळतंय बगा. मलाच कळलं न्हाई." बस्स, एवढंच. ना सबब, ना आढेवेढे. चूक कबूल करायला तुम्हाला दोन वाक्यं लागली. मी तेव्हा मनातल्या मनात जिंकल्याचा आनंद मानत होते. तुमच्याकडून काय शिकावं ते तिथं समोर उभं होतं, आणि मी ट्रेमधला चहा उचलला.

नंतर आपण मशीनवाल्याला बोलावून पाणी नीट तपासून घेतलं, तेव्हा निघालं की आपल्या बोअरला एवढ्या कडक गाळणीची गरजच नव्हती. साधी गाळणी बसली, ती नळी बंद झाली. म्हणजे मीही चुकले होते, आणि तुम्हीही. तुम्ही नवा लिंब लावलात. मी फाईलला नवा कागद लावला.

एक वाद मात्र तसाच राहिला. छपरावरचं पावसाचं पाणी गाळून प्यायला घ्यायचं तुमच्या डोक्यात होतं. मी नको म्हणत होते. सगळीकडं कारखाने, छपरावर कसली धूळ बसते कुणास ठाऊक, त्या पाण्यानं झाडं धुवा, गाड्या धुवा, पिऊ नका. तुम्ही म्हणालात, "तीच धूळ आपण दिवसभर नाकानं घ्यायलाव की अक्का. नाकाला चालतंय, तोंडाला कामून चालत न्हाई?" तरीही पिऊ नये असंच मला वाटतं, हे सांगून ठेवते, तुम्ही गेलात म्हणून मी तुमची बाजू घेणार नाही.

आता ते सांगते. पुढं पुढं ढकलत होते.

आपल्या घरांत जेवण झाल्यावर ताटात थोडं पाणी घालून, बोटानं फिरवून, ते पाणी पिऊन टाकायची रीत आहे. अन्न म्हणजे प्रसाद, त्याचा कण वाया जायचा नाही आणि ताट घासायला पाणीही कमी लागतं. माझे वडील असंच जेवतात. मी असंच जेवते. माझ्या घरभरणीला तुम्ही आला होता, वडिलांच्या शेजारी पंगतीत बसला होता, आणि तुम्ही दोघांनी एकाच वेळी ताटं तोंडाला लावलीत तेव्हा वडील माझ्याकडे बघून म्हणाले होते, "ह्ये बरं माणूस हाय तुझ्या ऑफिसात." मीही त्याच ओळीत बसून माझं ताट प्याले होते. तुम्ही बघितलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मुख्य ऑफिसातून तिघं जण आपला पाण्याचा उपक्रम बघायला आले. मी कडक इस्त्रीची साडी नेसले होते. टाकी दाखवली, नळ दाखवले, फलक दाखवला. त्यांनी मान डोलावली, फोटो काढले. दुपारी जेवणाच्या खोलीत आम्ही मोठ्या टेबलावर बसलो होतो आणि तुम्ही नेहमीसारखे कोपऱ्यातल्या बाकावर. भाकरी-भाजी संपली, तुम्ही डब्यात घोटभर पाणी घातलंत, बोट फिरवलंत आणि प्यालात. त्यांच्यातल्या एका तरुण साहेबाचं तोंड वाकडं झालं. तो भांडं धुतलेलं पाणी पितोय का, असं त्यानं मला हिंदीत विचारलं.

अण्णा, मला उत्तर येत होतं. जगात कुणाला येत नसलं तरी मला येत होतं. पाणी कसं जपावं ते बघायला लांबून आलेल्या माणसाला, बघा, हेच ते, असं म्हणायचं होतं फक्त. मी हसले आणि म्हणाले, "गावाकडचे आहेत. सांगते मी त्यांना."

तुम्हाला ते ऐकू गेलं का हे मला कधीच कळलं नाही. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. चारच्या चहाला तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा, ऑफिसात असं नका करत जाऊ. स्वच्छतेचं बघायला येतात लोक. चांगलं दिसत नाही." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. पंगतीत शेजारी बसलेलं माणूस बघतं तसं पाहिलंत. "बरं अक्का," म्हणालात.

त्या दिवशी घरी मी जेवले आणि ताट धुऊन प्याले. नेहमीसारखंच प्याले. वाईट वाटायचं ते ह्याचंच.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तुम्ही टाकीमागच्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागलात. माझ्या खिडकीतून तुमची पाठ आणि टोपी दिसायची. मी मनाची समजूत घातली. बाहेर वारा आहे, सावली आहे, निवांत जेवत असतील. दोन वर्षं ती पाठ बघत मी माझा डबा खाल्ला. मधूनमधून वाटायचं, जावं, शेजारी बसावं, म्हणावं की चुकलं. एकदा उठलेही होते. तेवढ्यात तुम्हीच आत आलात आणि विचारलंत, "अर्धा का पूर्ण?" मी म्हणाले, अर्धा. तुम्ही दिलात. मी प्याले. तो दिवसही गेला, आणि पुढचेही गेले. तुमच्या वागण्यात फरक पडला असता तर मला बरं झालं असतं. चहातली साखरसुद्धा कमी झाली नाही.

परवा रविवारी मी कोहिनूरला गेले. तुम्ही गेल्यावर वहिनी बिदरची खोली सोडून गावी गेल्यात ते ऐकलं होतं. बसमधून उतरून विचारत विचारत घर गाठलं. नीलम्मा वहिनींनी आधी तांब्याभर पाणी दिलं आणि मग शेजारी बसल्या. बारीक झाल्यात. मी शोकसभेचं सांगितलं, सगळे तुमच्याबद्दल किती चांगलं बोलले ते सांगितलं. त्यांनी एकदम माझा हात धरला.

"लई उपकार हायेत तुमचे अक्का. ऑफिसात जेवणाची सोय केलात तुमी. दोन वर्सं डबा करायचा माझा तरास वाचला. गुडघे दुखायचे बगा माझे, सकाळच्या पारी भाकरी हुईना गेलत्या. म्हणायचे, अक्कानं सांगितलंय, डबा आणू नगा, हितं गरम जेवायला मिळतंय."

आपल्या ऑफिसात जेवण मिळत नाही, अण्णा. कधीच मिळालं नाही. साठच्या साठ माणसं आपापला डबा आणतात.

मी वहिनींचा हात धरून बसले आणि मला टाकीमागचा कट्टा दिसत होता. डब्याला लागलेला प्रसाद तसाच ठेवून तुम्हाला उठता आलं नसतं. आणि तिथं कट्ट्यावर, कुणी बघत नसताना, गुपचूप डबा धुऊन प्यायचा, तेही तुम्हाला जमलं नसावं. लपवण्यासारखं त्यात काय होतं? म्हणून तुम्ही डबाच आणला नाहीत. की वहिनींच्या गुडघ्यांसाठी तुम्ही डबाच बंद केलात आणि माझं त्यात काही नव्हतंच? मला तसंच मानायचं होतं. पण मग माझं नाव कशाला घेतलंत? आणि जेवणाऱ्या माणसांतून उठून बाहेर जाऊन कशाला बसलात? चहा आणि तुमच्या खिशात नेहमी असायच्या त्या चार फुटाण्यांवर तुम्ही दिवस काढत होता आणि मी खिडकीतून तुमच्या जेवणाचं समाधान मानत होते. तुम्ही हृदयाच्या झटक्यानं गेलात; डॉक्टर म्हणतील ते दुखणं निराळं आणि हे उपाशी राहणं निराळं. म्हणोत.

"उपकार कसले," एवढंच पुटपुटले आणि निघाले. बसथांब्यावर अर्धा तास उभी राहिले. गाव शांत होतं, उन्हानं डोकं तापलं होतं, आणि मला इतका थकवा आला होता की वाटलं, जाऊ दे. कुणाचं काय बिघडतंय? त्यांना त्या समजुतीचा आधार आहे, त्यांच्या मनात माझं नाव चांगलं आहे, राहू दे. बस लांबून येताना दिसली. चूक कबूल करायची तुमची ती दोन वाक्यं माझ्याकडून दोन वर्षांत निघाली नव्हती, आणि आता निघाली नाहीत तर निघणारच नाहीत हे मला कळत होतं. मी वळले.

वहिनी दारातच होत्या. मी उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. पाहुणे, डबा, त्या साहेबाचं तोंड, माझं हसणं. ऑफिसात जेवण नसतं, हेही. तुमच्या तोंडावर बोलायचं होतं ते त्यांच्या तोंडावर बोलले, की मी माझीच रीत नाकारली, अण्णांना परकं केलं, माझं चुकलं.

वहिनी रडल्या नाहीत. पदराचं टोक दुमडत राहिल्या, उलगडत राहिल्या. त्या मला चार शब्द सुनावतील असं वाटलं, तेही बरं झालं असतं. मग माझ्याकडे न बघता त्या बोलल्या.

"सांजच्याला घरी आले की चार-पाच भाकरी खायचे. मी बोलायची त्येंला. म्हणायची, दुपारी ऑफिसात पोटभर जेवून येतायत, अन् घरी आलं की उपाशावानी तुटून पडतायत. या वयात यवढा हावरटपणा बरा न्हाई, लोकं काय म्हणतील." त्यांनी पदर गुडघ्यावर सपाट केला. "रोज बोलायची मी. भाकरी वाढता वाढता बोलायची."

"अण्णा काय म्हणायचे?" मी विचारलं.

"काय न्हाई," वहिनी म्हणाल्या. "खाली मान घालून खायचे."